हिचकॉकच्या तीन किंकाळ्या

आमच्या क्षेत्रात तंत्रज्ञान बदललं की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मेनफ्रेमवाल्यांना सांगून झाली, डेस्कटॉपवाल्यांना सांगून झाली, आणि एआय आल्यापासून तर दर आठवड्याला कोणी ना कोणी ऐकवतंच. गोष्ट अशी: मूकपटांचा जमाना होता, बोलपट आले, जे बदलले ते टिकले आणि जे बदलले नाहीत ते संपले. तात्पर्य, जुनं विसरा.

मला या गोष्टीचा राग येतो, कारण ती अर्धवट आहे. त्या बदलातून गेलेला आणि नंतर जगभर गाजलेला एक माणूस म्हणजे आल्फ्रेड हिचकॉक. तो टिकला तो जुनं विसरून नव्हे. जुनं त्याने अक्षरशः हट्टाने धरून ठेवलं आणि नव्या तंत्राला त्या जुन्याच्या कामाला जुंपलं.

आपण हिचकॉक बघायला लागतो ते 'सायको'पासून, नाहीतर 'रिअर विंडो'पासून. १९२५ ते १९३५ ही त्याची पहिली दहा वर्षं आपण उमेदवारी म्हणून सोडून देतो. ब्लॅक अँड व्हाइट, वर मूक, कोण बघणार? पण माझं स्पष्ट मत आहे की जे काही 'हिचकॉकचं' म्हणून आपण ओळखतो ते सगळं या दहा वर्षांतच तयार झालं. हे मी तीन किंकाळ्यांवरून सांगणार आहे. एक १९२७ची, एक १९२९ची आणि एक १९३५ची.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी.

हिचकॉकचा जन्म १८९९चा, लंडनच्या लेटनस्टोन भागातला. वडिलांचं भाजीपाल्याचं दुकान. शिक्षण थोडंफार इंजिनिअरिंगचं, आणि पहिली नोकरी हेन्लीज नावाच्या केबल बनवणाऱ्या कंपनीत, अंदाजपत्रकं काढायची. म्हणजे स्वारी आपल्यातलीच! चित्रकलेचा नाद होता म्हणून पुढे तिथेच जाहिरात विभागात गेला. १९२०च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीने लंडनमध्ये इज्लिंग्टनला स्टुडिओ काढला, तेव्हा हा आपली चित्रं घेऊन तिथे पोचला आणि त्याला मूकपटांच्या पाट्या रंगवायचं काम मिळालं. पाट्या म्हणजे दोन दृश्यांच्या मधे पडद्यावर येणारा मजकूर, 'दुसऱ्या दिवशी सकाळी' वगैरे.

हे काम वाटतं तितकं किरकोळ नव्हतं. एखादा गंभीर सिनेमा जमला नाही, तर पाट्या बदलून त्याचा विनोदी सिनेमा करता येतो, हे तो तिथे शिकला. चित्र तेच, अभिनय तोच, फक्त शेजारी काय ठेवलं त्यावर अर्थ ठरतो. हा धडा त्याला पुढे आयुष्यभर पुरला. तिथेच त्याला अल्मा रेव्हिल भेटली. ती एडिटिंग करायची, वयाने त्याच्यापेक्षा एक दिवस लहान, पण या धंद्यात त्याच्या आधीपासून होती. १९२६च्या डिसेंबरात त्यांनी लग्न केलं. हिचकॉकच्या सिनेमातला किती भाग अल्माचा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

१९२४मध्ये तो कला दिग्दर्शक आणि सहायक म्हणून बर्लिनजवळच्या उफा स्टुडिओत गेला. तिथे मुर्नाव 'द लास्ट लाफ' करत होता. जवळपास पाट्यांशिवायचा सिनेमा, गोष्ट सगळी कॅमेऱ्याने सांगायची. हिचकॉकने ते काम जवळून पाहिलं. पुढच्याच वर्षी त्याला म्युनिकमध्ये पहिला पूर्ण सिनेमा मिळाला, 'द प्लेझर गार्डन'.

आता पहिली किंकाळी.

'द लॉजर' १९२६मध्ये तयार झाला आणि १९२७मध्ये लागला. लंडनमध्ये धुकं, दर मंगळवारी एका सोनेरी केसांच्या मुलीचा खून, आणि एका घरात भाड्याने राहायला आलेला गूढ तरुण. सिनेमा सुरू होतो तोच एका मुलीच्या किंचाळणाऱ्या चेहऱ्यावर. पडदाभर चेहरा, उघडं तोंड, मागून उजेडात पेटल्यासारखे दिसणारे सोनेरी केस. त्यासाठी त्याने मुलीचं डोकं काचेवर टेकवून केस पसरले आणि खालून दिवे लावले. आवाज शून्य. पण ती किंकाळी ऐकू येते हो! मूकपटाची सुरुवात किंकाळीने करायची म्हणजे मस्तीच झाली.

याच सिनेमात अजून एक भन्नाट प्रकार आहे. भाडेकरू वरच्या खोलीत येरझारा घालतोय आणि खाली घरमालकाचं कुटुंब अस्वस्थ होऊन वर बघतंय. पावलांचा आवाज दाखवायचा कसा? आधी छतावरचं झुंबर हलताना दिसतं. मग छतच पारदर्शक होतं आणि वर चालणाऱ्या माणसाचे बुटांचे तळवे आपल्याला खालून दिसतात. जाड काचेची जमीन करून, त्यावर नटाला चालायला लावून, खालून कॅमेरा लावला होता. हे लक्षात घ्या, की आवाजाचं यंत्र हातात यायच्या आधी या माणसाने आवाजाचा विचार करून ठेवला होता. कोणाला काय ऐकू येतंय आणि त्यामुळे तो काय समजतोय, हे डोळ्यांनी सांगायची सवय त्याला लागली होती.

वितरकाला अर्थातच हे काही कळलं नाही आणि सिनेमा फडताळात गेला. मग निर्माता मायकेल बाल्कनने आयव्हर माँटेग्यू नावाच्या एका तरुण जाणकाराला बोलावलं. त्याने शेकड्यांनी असलेल्या पाट्या ऐंशीच्या आसपास आणल्या, थोडी डागडुजी सुचवली, आणि तोच सिनेमा लागल्यावर गाजला. म्हणजे सुधारणा काय केली, तर शब्द कमी केले.

त्याच वर्षीचा 'द रिंग' बघा. जत्रेत एक बॉक्सर तंबूत लढायचा, आव्हान देणाऱ्याला पहिल्याच फेरीत लोळवायचा. एकदा एक जण दुसऱ्या फेरीपर्यंत टिकतो. तेव्हा फेरीचा आकडा दाखवणारा माणूस '१'ची मळकी, कोपरे झिजलेली पाटी काढतो आणि '२'ची पाटी लावतो, ती कोरी करकरीत! आजवर कधी वापरायची वेळच आलेली नाही. एका शॉटमध्ये त्या बॉक्सरचा सगळा इतिहास. पुढे तो विजयाच्या पार्टीत बायकोची वाट बघतो. शँपेन ओतलेली आहे, ती येत नाही, आणि ग्लासातले बुडबुडे हळूहळू विरून जातात. तिथे नवऱ्याच्या तोंडी एखादं लांबलचक वाक्य घातलं असतं तर यापेक्षा जास्त काय कळलं असतं?

तोवर ऑक्टोबर १९२७मध्ये अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' लागला होता आणि जगभरच्या स्टुडिओंची झोप उडाली होती. हिचकॉक तेव्हा एल्स्ट्रीच्या ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्समध्ये होता. १९२९मध्ये त्याने 'ब्लॅकमेल' मूकपट म्हणूनच सुरू केला आणि काम चालू असताना वरून आदेश आला, थोडा भाग बोलता करा. आपल्याला हा अनुभव नवा नाही. रिलीज तोंडावर आणि रिक्वायरमेंट बदलली. हिचकॉकला बहुतेक असं काहीतरी होणार याचा अंदाज होता. त्याने थोड्यावर न थांबता बराच भाग आवाजासाठी पुन्हा चित्रित केला. शेवटी एकाच गोष्टीचे दोन सिनेमे तयार झाले, एक मूक आणि एक बोलका. दोन्ही आज उपलब्ध आहेत, आणि एकाच दिग्दर्शकाने एकाच वेळी दोन्ही भाषांत केलेलं काम शेजारी शेजारी ठेवून बघायची अशी संधी फार क्वचित मिळते.

अडचण होती नायिकेची. ॲनी ओंड्रा प्रागमध्ये घडलेली नटी, दिसायला गोड, मूकपटांत लोकप्रिय. आधीच्याच 'द मँक्समन'मध्येही तीच नायिका होती. पण 'ब्लॅकमेल'ची ॲलिस ही लंडनच्या दुकानदाराची मुलगी, आणि ओंड्राच्या इंग्रजीला मध्य युरोपचा भरघोस हेल. आवाज नंतर डब करायची सोय तेव्हा हाताशी नव्हती. मग उपाय काय, तर जोन बॅरी नावाची इंग्लिश नटी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर मायक्रोफोनपाशी उभी राहून संवाद म्हणायची आणि ओंड्रा त्याच वेळी कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायची. थेट, त्याच टेकमध्ये. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून कॅमेरा एका बंद खोक्यात. ज्या कॅमेऱ्याला मुर्नावने पाय फोडले होते, तो आता खोलीत कोंडला गेला.

तरीही याच सिनेमात दुसरी किंकाळी आहे.

ॲलिसवर एक चित्रकार बळजबरी करतो आणि झटापटीत हाताला लागलेल्या पाव कापायच्या सुरीने ती त्याला मारते. मग रात्रभर सुन्न होऊन लंडनच्या रस्त्यांवरून चालत राहते. पहाटे एका भिकाऱ्याचा पसरलेला हात दिसतो, अगदी त्या मेलेल्या चित्रकाराच्या हातासारखा. ती किंचाळते, आणि त्या किंकाळीवरच दृश्य बदलतं. आता किंचाळतेय ती चित्रकाराची घरमालकीण, जिला नुकतंच प्रेत सापडलंय. दोन बायका, दोन जागा, किंकाळी एकच. आवाजाचं यंत्र नवं कोरं असताना, सगळी दुनिया नट बोलताना दिसतोय यावरच खूश असताना, या पठ्ठ्याने आवाजाने एडिटिंग केलं.

आणि मग तो सुप्रसिद्ध न्याहारीचा प्रसंग. ॲलिस घरी टेबलापाशी बसलीय. शेजारीण दारात उभी राहून कालच्या खुनाबद्दल अखंड बडबडतेय. विटेने डोकं फोडलं तर एक वेळ समजू शकते, पण सुरी? छे, सुरी नको बाई! हळूहळू तिचं बोलणं पुटपुटल्यासारखं अस्पष्ट होतं आणि त्यातून एकच शब्द स्वच्छ ऐकू येत राहतो: सुरी, सुरी, सुरी. इतक्यात वडील म्हणतात, ॲलिस, जरा पाव काप. ती सुरी उचलते आणि शेवटची 'सुरी!' इतक्या जोरात येते की तिच्या हातातून सुरी उडते.

हा प्रसंग मूक आवृत्तीत असा होऊच शकत नाही. पण तो सुचायला मूकपटच लागतो. 'द लॉजर'मधल्या काचेच्या जमिनीचा हा सख्खा भाऊ आहे. तिथे न ऐकू येणारा आवाज दाखवला होता, इथे ऐकू येणारा आवाज पुसून फक्त ॲलिसला जे टोचतंय तेवढंच ठेवलं. प्रश्न दोन्हीकडे एकच: या माणसाच्या डोक्यात आत्ता काय चाललंय?

पण म्हणून बोलका 'ब्लॅकमेल' सगळाच सरस आहे का? मला नाही वाटत. त्याच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत पोलीस एका गुन्हेगाराला पकडतात, तो भाग संवादांशिवाय आहे आणि वाऱ्यासारखा पळतो. मग माणसं बोलायला लागतात आणि सिनेमा बसकण मारतो. दोघं समोरासमोर उभे, एकाचं वाक्य संपलं की थोडं थांबून दुसऱ्याचं. सुरीचा प्रसंग आणि ती किंकाळी सोडली, तर एकसंध सिनेमा म्हणून माझं मत मूक आवृत्तीला. त्या वेळी ब्रिटनमधल्या बहुतेक थिएटरांत आवाजाची यंत्रणा बसलेली नव्हती, त्यामुळे पुष्कळ लोकांनी मूकच 'ब्लॅकमेल' पाहिला. मला त्यांचा थोडा हेवा वाटतो.

बरं, यानंतर गाडी सुसाट सुटली असंही नाही. १९३०मध्ये त्याने शॉन ओकेसीच्या 'ज्यूनो अँड द पेकॉक' या नाटकाचा सिनेमा केला. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. हिचकॉकला मात्र त्या कौतुकाची लाज वाटली, कारण यात सिनेमाचं असं काही नाही, हे त्याला ठाऊक होतं. १९६२मध्ये फ्रान्स्वा त्रुफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, त्यात त्याने हे कबूल केलंय. बोलपटांबद्दलची त्याची तक्रारही हीच होती, की बहुतेक सिनेमे म्हणजे बोलणाऱ्या लोकांचे नुसते फोटो.

त्याच वर्षीच्या 'मर्डर!'मध्ये नायक दाढी करताना आरशात बघतोय, रेडिओवर वाग्नरचं संगीत चालू आहे आणि त्याच्या मनातले विचार आपल्याला ऐकू येतायत, ओठ न हलता. आज ही गोष्ट टीव्ही मालिकेतही दिसते. तेव्हा आवाजाचे दोन ट्रॅक नंतर मिसळायची सोय नव्हती. म्हणून विचार आधी रेकॉर्ड करून सेटवर वाजवले आणि न्हाणीघराच्या सेटमागे तीस वादकांचा ऑर्केस्ट्रा बसवला! सगळं एकाच टेकमध्ये. तंत्र तोकडं होतं, कल्पना तंत्राच्या पुढे होती, आणि मधली दरी माणसांच्या घामाने भरून काढली.

मग १९३५चा 'द ३९ स्टेप्स' आणि तिसरी किंकाळी. नायकाच्या घरात एका बाईचा खून झालाय. कामवाली येते, प्रेत बघते, कॅमेऱ्याकडे वळते, किंचाळायला तोंड उघडते, आणि आवाज येतो तो रेल्वेच्या शिटीचा. लगेच बोगद्यातून धडधडत बाहेर येणारी गाडी, जिच्यातून नायक स्कॉटलंडला पळतोय. मला विचाराल तर त्याची मूकपटाची शाळा इथे पूर्ण झाली. १९२७मध्ये चित्र होतं, आवाज नव्हता. १९२९मध्ये एका किंकाळीवर दोन बायका जोडल्या. १९३५मध्ये चित्र एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, आणि दोन्ही मिळून खून, पलायन आणि घाई एका सेकंदात सांगून टाकली. संवाद एकही नाही.

हे पुढेही सुटलं नाही. 'द मॅन हू न्यू टू मच'च्या १९५६च्या आवृत्तीतला आल्बर्ट हॉलचा सुमारे बारा मिनिटांचा भाग, 'व्हर्टिगो'मधला पाठलाग, 'सायको'मध्ये खुनानंतर न्हाणीघर धुऊन काढण्याचा लांबलचक प्रसंग, सगळे संवादांशिवाय. आपण ज्याला रंगीत जमान्यातला हिचकॉक म्हणून डोक्यावर घेतो, तो मोक्याच्या क्षणी दर वेळी मूकपटात परत जातो.

तर मुद्दा असा, की 'जुनं विसरा' हे तात्पर्य या उदाहरणाला लागू पडत नाही. उलट, ज्यांनी जुनं टाकून फक्त नव्या यंत्राची हौस भागवली, त्यांचे १९२९-३०चे कितीतरी बोलपट आज बघवत नाहीत. हिचकॉकचं कौशल्य 'मूकपट काढणं' एवढंच असतं तर तोही बुडाला असता. प्रेक्षकाला काय, कधी आणि कोणाच्या नजरेतून कळावं हे ठरवणं, हे त्याचं खरं काम होतं. यंत्र बदललं तरी ते काम बदललं नाही.

पण मी फक्त जिंकलेल्याची बाजू सांगितली तर माझीही गोष्ट अर्धवटच राहील. ॲनी ओंड्राचं काय? तिची आवाजचाचणी इंटरनेटवर सापडते. हिचकॉक तिची द्व्यर्थी थट्टा करतोय आणि ती लाजून तोंड फिरवतेय. आज बघताना त्यातली मजा जरा कडवट लागते. 'ब्लॅकमेल'नंतर तिची इंग्लिश कारकीर्द संपली. तिच्यात काही कमी होतं का? जर्मन आणि चेक बोलपटांत ती पुढे चांगली चमकली. म्हणजे 'बदलायला' तिची ना नव्हतीच. तंत्र नेमकं त्या एका टप्प्यावर होतं आणि तिचं इंग्रजी लंडनचं नव्हतं, एवढंच. दुसरीकडे जोन बॅरी १९३१मध्ये 'रिच अँड स्ट्रेंज'ची नायिका झाली, स्वतःच्या आवाजासकट. आणि मूकपटांच्या वेळी थिएटरात बसून वाजवणारे ते सगळे वादक, त्यांनी कुठल्या बदलाला नकार दिला होता? हिचकॉकपाशी हुशारी होती, तशी तिशीच्या आतलं वय होतं, मोठ्या कंपनीचं काम होतं, आणि मातृभाषा इंग्रजी होती. टिकलेल्यांच्या यशातून नियम काढताना नशिबाचा हा वाटा आपण सोयीस्करपणे वजा करतो, आणि मग बाकीच्यांना सांगतो की चूक तुमचीच.

असो. बघायचं कुठून? हिचकॉकच्या दहा मूकपटांपैकी नऊ शिल्लक आहेत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२मध्ये ते नऊच्या नऊ दुरुस्त करून नव्या संगीतासह दाखवले, आणि २०१३मध्ये त्यांची नोंद युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड'च्या ब्रिटिश यादीत झाली. दहावा, १९२६चा 'द माउंटन ईगल', हरवलेलाच आहे. मूकपट म्हणजे आता कचरा, असं ठरवून लोकांनी रिळं जेव्हा फेकून दिली, वितळवली, त्या काळाची ही आठवण. मात्र २०११मध्ये न्यूझीलंडच्या संग्रहात 'द व्हाइट शॅडो'ची तीन रिळं निघाली. त्या सिनेमावर हिचकॉकने दिग्दर्शक होण्याआधी सहायक म्हणून काम केलं होतं. म्हणजे आशेला जागा आहे.

माझा सल्ला विचाराल तर एका शनिवारी 'द लॉजर' बघा, आणि रविवारी 'ब्लॅकमेल', आधी मूक आणि मग बोलका, याच क्रमाने. पहिली पंधरा मिनिटं जड जातील. हात फोनकडे जाईल. जाऊ देऊ नका, कारण इथे नजर हटली की गोष्ट निसटते. कान मदतीला येत नाहीत. सगळं डोळ्यांनीच ऐकायचंय.